कुंडामागचा डोंगर

दापोली तालुक्यातले उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरशेजारचे उन्हाळे, सातपुड्याच्या पायथ्याचे उनपदेव. गावाचे नावच ऊन पाण्यावरून पडावे, इतका लोकांना या झऱ्यांचा लळा. आज मात्र झरा जपायचा म्हणजे कुंडाला सिमेंट, पायऱ्यांना फरशी आणि कपडे बदलायला आडोसा, एवढेच काम उरले आहे. माझे म्हणणे असे, की कुंड हे झऱ्याचे तोंड आहे. त्याचे पोट पाठीमागच्या रानात आहे आणि जपायचे ते रान.

कोकणातले गरम झरे पालघरपासून राजापूरपर्यंत, किनारा आणि सह्याद्रीच्या मधल्या पट्ट्यात, साधारण उत्तर-दक्षिण ओळीने लागतात, कारण कातळातल्या खोल भेगांची दिशाही तीच आहे. खाली ज्वालामुखी धगधगतो ही समजूत खरी नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवली. पाणी तापते ते खोलीमुळे. जमिनीत दर किलोमीटरला तापमान सरासरी २५ ते ३० अंशांनी वाढते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे, म्हणजे या हिशेबाने पावसाचे पाणी दीडएक किलोमीटर उतरून, तापून वर येते. समस्थानिकांच्या अभ्यासानेही या पाण्याचे मूळ पाऊसच ठरवले आहे. कुंडाच्या तळातून बुडबुडे सुटतात तेव्हा पाणी उकळते आहे असे वाटते. पण ते पाण्यातून सुटणाऱ्या वायूचे असतात. गंधकाचा वास दरवळतो आणि पाणी जिथून ओघळते त्या दगडावर सूक्ष्मजीवांचा हिरवट, बुळबुळीत थर धरतो.

यावर आक्षेप येतो, की इतक्या खोलातले पाणी जुने. आज डोंगर बोडका केला तरी उद्या कुंड आटणार नाही. हे खरे आहे, आणि धोका तिथेच आहे. साधी विहीर त्याच वैशाखात तळ दाखवते. इथे तोडीचे परिणाम दिसतील तेव्हा तोडणारे हयात नसतील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: झाडे स्वतःच पाणी पितात. पितात खरी. पण कोकणात वर्षाचा अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि त्या ढगाळ, दमट दिवसांत झाडे हवेत पाणी कमीच सोडतात. उघड्या उतारावरून तेच पाणी लाल माती घेऊन खाडी गाठते. पालापाचोळ्याखालच्या, मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत ते थबकते, मुरते आणि भेगेपर्यंत पोहोचते.

पाण्यासाठी रान राखणे आपल्याला नवे नाही. १८९२ साली मुंबईसाठी तानसा धरण पुरे झाले आणि आज त्या तलावाभोवतीचे जंगल अभयारण्य आहे. त्याच तानसेच्या खालच्या अंगाला वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडे आहेत. तलावाला जे रान मिळाले, ते कुंडांनाही मिळायला हवे: आधी कोणत्या उतारावरचे पाणी कोणत्या झऱ्याला पोचते ते आखून घ्यावे आणि मग त्या हद्दीत तोड, खाण आणि खोल बोअर यांना परवानगी देऊ नये.