'क्लीन' आणि 'प्युअर'

इंग्रजींत 'क्लीन' आणि 'प्युअर' हे दोन शब्द इतके शेजारीं शेजारीं वावरतात कीं, एकाच्या जागीं दुसरा सहज लिहिला जातो. परंतु दोहोंचें कूळ निराळें आणि कामही निराळें. 'क्लीन' हा जुन्या इंग्रजीचा घरचा शब्द. 'प्युअर' हा मूळचा लॅटिन, फ्रेंच भाषेच्या वाटेनें आलेला.

'क्लीन' म्हणजे ज्यावर मळ नाहीं तें. 'प्युअर' म्हणजे ज्यांत भेसळ नाहीं तें. शंभर नंबरी सोन्याची अंगठी चिखलांत पडली, तर तिचें सोनें 'प्युअर'च राहतें. अंगठी मात्र 'क्लीन' राहत नाहीं. उलट, पितळेचें भांडें चिंचेनें घासून लख्ख केलें म्हणजे तें 'क्लीन' झालें. पण पितळ हें तांबें व जस्त यांचें मिश्रण, म्हणून त्यास 'प्युअर' धातु कोणी म्हणणार नाहीं. मराठींत स्वच्छ आणि शुद्ध यांत जवळजवळ हाच भेद आहे.

हा भेद केवळ व्याकरणाच्या तासापुरता नाहीं. इ. स. 1854 मध्यें लंडनच्या सोहो भागांत पटकीची भयंकर सांथ उद्भवली. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याची ख्याति चांगली होती. पूर्वी त्या भागांत राहिलेली एक वृद्धा हॅम्पस्टेडला गेल्यावरही तेंच पाणी आवडीनें मागवीत असे. तें पिऊन ती पटकीनें दगावली. डॉ. जॉन स्नो यांनीं तें पाणी तपासलें, तेव्हां दिसण्यांत त्यांत फारशी घाण आढळली नाहीं. तथापि मृतांच्या घरांचा माग काढीत ते त्याच पंपाशीं पोंचले, आणि 8 सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. पुढें खणून पाहतां, जवळच्या घराच्या मैल्याच्या हौदांतून विहिरींत पाझर होत असल्याचें आढळलें. पाणी डोळ्यांस 'क्लीन' होतें; 'प्युअर' नव्हतें.

दुधाची गोष्ट उलटी. पाण्याचा थेंबही न घातलेलें दूध भेसळीच्या दृष्टीनें 'प्युअर' खरें. पण गोठा, हात वा चरवी मळकट असेल, तर तें 'क्लीन' नव्हे. म्हणून निर्भेळ दूधही तापवूनच घ्यावें लागतें.

तात्पर्य, एका शब्दाची ग्वाही दुसऱ्यास लागू पडत नाहीं. बाटलीवर 'प्युअर' छापलेलें असो, वा पेल्यांतलें पाणी 'क्लीन' दिसो, गृहिणीनें दोन्ही प्रश्न निरनिराळे विचारावे: यावर कांहीं बसलें आहे काय, आणि यांत कांहीं मिसळलें आहे काय? पहिल्याचें उत्तर डोळे बहुधा देतात. दुसऱ्यासाठीं चौकशी करावी लागते.