प्रोग्रामचा वेळ जातो कुठे?

पिंगळी हे परभणी तालुक्यातलं महसूल मंडळाचं गाव. ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. ती दर दहा मिनिटांनी नोंद घेतात. म्हणजे एका मंडळाच्या दिवसाला १४४ नोंदी आणि वर्षाला ५२,५६०.

समजा, या नोंदींतून अतिवृष्टीचे, म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पावसाचे दिवस शोधणारा पायथन प्रोग्राम लिहिला. त्याची कामं तीन: फाइल वाचणं, प्रत्येक ओळीतली तारीख-वेळ ओळखणं आणि दिवसाची बेरीज करणं. एका मंडळाचं काम झटकन उरकतं. पण राज्यात मंडळं दोन हजारांहून अधिक. २,००० धरली तरी नोंदी साडेदहा कोटी होतात, आणि ओळीमागे एक मायक्रोसेकंद वाढला तरी एकूण १०५ सेकंद वाढतात.

बहुतेकांचा पहिला संशय बेरजेवर जातो. संशयावरून कोड बदलू नये, आधी मोजावं. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर घड्याळ वाचायचं नि वजाबाकी करायची. मात्र घड्याळ नीट निवडायला हवं. संगणकाचं नेहमीचं घड्याळ इंटरनेटवरून वेळ जुळवताना मागेपुढे सरकू शकतं. म्हणून पायथनमध्ये ‘परफ काउंटर’ वापरावा, तो कधी मागे जात नाही. ‘प्रोसेस टाइम’ हे दुसरं घड्याळ आपल्या प्रोग्रामसाठी प्रोसेसर राबला तेवढाच वेळ सांगतं. दोन्ही आकड्यांत मोठा फरक दिसला, तर प्रोग्राम डिस्कची किंवा आणखी कशाची तरी वाट पाहत थांबला होता असं समजावं.

एकदाच मोजून भागत नाही. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या वेळी बहुधा मेमरीतूनच मिळते. त्यात मागे दुसरे प्रोग्रामही चालू असतात. म्हणून काही वेळा चालवून सगळ्यात कमी आकडा धरावा, त्यात बाहेरचा अडथळा सर्वांत कमी असतो. आणि घड्याळ एकामागून एक ओळ हाताळणाऱ्या लूपच्या बाहेर ठेवावं. लूपच्या आत ठेवलं, तर घड्याळ वाचण्याचाच वेळ मोजमापात मिसळतो.

असं मोजलं की अशा प्रोग्राममध्ये बेरीज सहसा निर्दोष सुटते. वेळ खातं ते तारीख ओळखणं: पायथनचं तारीख ओळखणारं फंक्शन ‘स्ट्रिपटाइम’ प्रत्येक ओळीचा मजकूर नव्याने तपासतं. १९७१ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी फोर्ट्रान प्रोग्राम तपासले, तेव्हाही निम्म्याहून अधिक वेळ साधारण ४ टक्क्यांहून कमी कोड खात असल्याचं दिसलं होतं. बेरजेला एकूण वेळातला दहावा हिस्सा लागत असेल, तर ती कितीही वेगवान करा, वाचेल तो दहावा हिस्साच.

तारखेवर उपाय सोपा आहे. वर्षात तारखा ३६५च, म्हणून प्रत्येक तारीख एकदाच ओळखून साठवावी. फक्त एक जपायला हवं: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे साडेआठनंतरची नोंद पुढच्या तारखेत मोजावी लागते. घाईत हे सुटलं, तर प्रोग्राम वेगवान होईल आणि अतिवृष्टीचा दिवस मात्र यादीतून गळेल. शेतकऱ्याच्या भरपाईला आधार याच आकड्यांचा असतो. म्हणून जुन्या आणि नव्या कोडचं उत्तर ओळीला ओळ लावून ताडावं, मगच पुन्हा घड्याळ लावावं. बहुधा आता फाइल वाचणं सर्वांत संथ निघेल.