देवाणघेवाण – ९ : रेशनचा गहू आणि उस्मानियातलं ग्रंथालय

आज आयटेक या भारत सरकारच्या प्रशिक्षण योजनेची फाइल उघडायची होती. परदेशी अधिकाऱ्याचं नाव त्याच्या मंत्रालयातून आपल्या वकिलातीत आणि दिल्लीमार्गे राजेंद्रनगरच्या ग्रामीण विकास संस्थेत कसं पोचतं, ते सांगायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात, कारण मध्येच नांदेडच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आलं आणि त्यांच्या प्रश्नापुढे मला दुसरं काही सुचेना.

ते लिहितात : ‘पीएच.डी.च्या काळात मनमाड–काचीगुडा मीटरगेज गाडीने हैदराबादला यायचो. उस्मानियाच्या आवारातल्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरमध्ये तीन-तीन आठवडे मुक्काम असायचा. राहण्याची सोय, अभ्यासवृत्ती, हवं ते पुस्तक, सगळं मिळायचं. तो पैसा नेमका कोणाचा होता हो?’

सर, त्यातला मोठा भाग तुमच्या-माझ्या आईवडिलांचा होता. त्यांनी तो रेशनच्या दुकानात मोजला होता.

मागच्या लेखांकात २ फेब्रुवारी १९५० च्या कराराशी आपण थांबलो होतो. नेहरू आणि राजदूत लॉय हेंडरसन यांनी सह्या केल्या आणि फुलब्राइट योजना भारतात आली. सिनेटर फुलब्राइट यांच्या १९४६ च्या कायद्याची युक्ती आठवत असेल : महायुद्धानंतर परदेशात पडून राहिलेलं अमेरिकी लष्करी सामान तिथेच विकायचं आणि त्या देशाच्या चलनात जमा झालेला पैसा विद्यार्थी-प्राध्यापकांच्या येण्याजाण्यावर खर्च करायचा. पण असलं सामान कधीतरी संपणारच. पुढचा पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं भारतातलं उत्तर होतं गहू.

१९५१ साली देशात धान्याची मोठी टंचाई होती. अमेरिकी काँग्रेसने जूनमध्ये भारताला २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्या कायद्यात एक कलम आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. भारत जे व्याज भरेल, त्यातले ५० लाख डॉलरपर्यंत शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरावेत, असं ते सांगतं. आपल्या विद्यापीठांना त्यातून पुस्तकं आणि प्रयोगशाळेची उपकरणं मिळाली, माणसांचं जाणंयेणंही झालं. भुकेच्या कर्जाचं व्याज ग्रंथालयात जमा झालं.

मग १९५४ चा पब्लिक लॉ ४८० आला. ‘पीएल फोर-एटी’ म्हटलं की साठी-सत्तरीच्या वाचकांना रेशनचा लाल गहू आणि मिलो ज्वारी आठवेल. भाकरी थापताना तुटणारी ती मिलो आमच्या घरातही शिजली आहे. मे १९६० मध्ये तेव्हाचे अन्नमंत्री, आपले मुंबईचे स. का. पाटील, यांनी आयसेनहॉवर यांच्याबरोबर चार वर्षांसाठी १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदळाचा करार केला. धान्याचा त्याआधी एवढा मोठा करार झालेला नव्हता.

हा गहू फुकट नव्हता. भारत त्याची किंमत रुपयांत चुकती करायचा आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा व्हायचे. त्यांचे डॉलर करून बाहेर नेता येत नव्हते. बराचसा पैसा कर्जरूपाने किंवा अनुदानरूपाने पुन्हा आपल्याच विकासकामांकडे वळायचा. एक हिस्सा मात्र अमेरिका भारतातल्या स्वतःच्या कामांसाठी राखून ठेवी. वकिलातीचा खर्च त्यातून चाले आणि शैक्षणिक देवाणघेवाणही.

इथे योजनेची सगळी घडण उलगडते. रुपयांत काय विकत घेता येतं? विमानाचं तिकीट, इमारत, कर्मचाऱ्यांचे पगार, वसतिगृह, अभ्यासवृत्ती. न्यूयॉर्कमधल्या खोलीचं भाडं रुपयांत देता येत नाही. म्हणून त्या काळात अनेक भारतीय फुलब्राइटर नुसतं प्रवास अनुदान घेऊन गेले. तिथला खर्च तिथल्या विद्यापीठाने उचलला. आणि म्हणूनच इथल्या अभ्यासकाला अमेरिकेत पाठवण्याऐवजी अमेरिकेची पुस्तकंच हैदराबादला आणावीत, हा विचार पैशाच्या गणितात चपखल बसला. १९६४ साली उस्मानियात हे केंद्र उभं राहिलं. ग्रंथसंख्या पुढे लाखाच्या वर गेली. १९६९ पासून त्याचं ‘इंडियन जर्नल ऑफ अमेरिकन स्टडीज’ निघू लागलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या महाविद्यालयांत फॉकनरची एखादीच कादंबरी असेल, तिथल्या प्राध्यापकांना इथे त्याच्यावरचं सगळं लेखन एका छताखाली मिळालं. त्या वाचनकक्षात मी वर्षानुवर्षं बसलो आहे. शेजारच्या टेबलावर कधी बंगाली, कधी मल्याळी, कधी मराठी अभ्यासक असे. या केंद्राने भारतीयांची भारतीयांशीही गाठ घालून दिली.

उलट दिशेची गोष्ट तर त्याहून सुरस आहे. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली. डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेचं भारतातलं पहिलं ठाणं पुण्याचं डेक्कन कॉलेज होतं आणि तिच्या कामालाही हेच रुपये लागले. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने याच पैशातून भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईची मराठी पुस्तकं, नियतकालिकं अशी शिकागोला पोचली. त्या काळातलं एखादं पुस्तक गावच्या वाचनालयातून गहाळ झालं असेल, तर ते शिकागोत सापडण्याची शक्यता आजही मोठी आहे.

आता पत्राचा गाभा : हे रुपये आमचे की त्यांचे? कायद्याने ते रुपये अमेरिकेचे होते, कारण गहू तिचा होता. पण ते मिळवले इथल्या माणसांनी. खर्च कशावर करायचा, यात मात्र त्यांचा आवाज क्षीण होता. हा ढीग इतका वाढला, की १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन त्याचा मोठा भाग सोडून दिला. त्या धनादेशाची गिनीज बुकात नोंद झाली. उरलेल्या रुपयांवर देवाणघेवाण आणखी काही वर्षं चालली.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा एकाच्या ताब्यात असतो तोवर त्याला आदरातिथ्य म्हणावं. देवाणघेवाण दोघांनी वर्गणी भरली की सुरू होते. ते घडलं ४ जुलै २००८ च्या नव्या कराराने. भारत सरकार बरोबरीचा भागीदार झालं आणि शिष्यवृत्तीच्या नावात फुलब्राइटशेजारी नेहरू आले. १९५० पासून तिथवर यायला ५८ वर्षं लागली.

उस्मानियातलं केंद्र नावं बदलत आज ‘उस्मानिया युनिव्हर्सिटी सेंटर फॉर इंटरनॅशनल प्रोग्रॅम्स’ या नावाने उभं आहे. त्याच्या ग्रंथसंग्रहावर रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक घराचा हक्क आहे, असं मी मानतो. हैदराबादच्या मराठी विद्यार्थ्यांनो, तिथे जा, वाचनाची परवानगी मागा, पुस्तकं मागवा. ग्रंथालय मागणीवर जगतं.

आणि नांदेडच्या सरांसारखे जे कोणी तिथे राहून गेले असतील, त्यांनी मला जरूर लिहावं : कोणत्या साली, कोणत्या विषयासाठी, किती अभ्यासवृत्तीवर. या आठवणी नोंदल्या जायला हव्यात. पुढच्या आठवड्यात आयटेक, नक्की.