छावणीतला डॉक्टर आणि सहा पांढरे कप

ब्रह्मदेशच्या आघाडीवर 1943 साली लढाईत जखमी झालेला एक जवान मागे पाठवला जायचा, तेव्हा आजारी पडून मागे येणारे असायचे 120. या आघाडीवरचे ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत हे प्रमाण नोंदवलं आहे. शत्रूच्या गोळीपेक्षा डास आणि दूषित पाणीच फौज पोखरत होतं. त्यामुळे त्याच वर्षी छिंदवाड्याला 14वी इंडियन डिव्हिजन प्रशिक्षणाच्या कामाला लावली, तेव्हा जंगलात लढायला शिकण्याइतकंच जंगलात निरोगी राहायला शिकणंही महत्त्वाचं ठरलं. नागपूरहून उत्तरेला, सातपुड्याच्या जंगलात ही छावणी. आपापल्या रेजिमेंटच्या केंद्रात कवायत पुरी केलेले रिक्रूट इथे साधारण दोन महिन्यांसाठी यायचे.

इथल्या पलटणीच्या डॉक्टरला आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणत. 3 एप्रिल 1943 ला इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली. तिच्यात युद्धापुरतं कमिशन घेतलेले, कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले अनेक तरुण होते. रोगी आपल्याकडे येणार आणि आपण त्याला तपासणार, एवढंच त्यांना ठाऊक. इथे आल्यावर कळायचं, की आपलं खरं काम आजारी नसलेल्या माणसांशी आहे.

दिवस उजाडतो तो सिक परेडने. ज्यांना बरं नाही ते नाव नोंदवून एका हवालदारासोबत रांगेने येतात. डॉक्टरला प्रत्येकाबाबत चारांतला एक निर्णय घ्यायचा असतो: औषध घेऊन परेडला जा, हलकं काम कर, बराकीत पडून राहा, किंवा हॉस्पिटलात. ऐकायला सोपं वाटतं. पण रांगेत उभा असलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा खरंच आजारी आहे, की घरच्या आठवणीने खचला आहे, हे दोन-तीन मिनिटांत ओळखायचं असतं. ताप असेल तर प्रश्न सुटतो; हिवताप आहे का हे बघायला बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाते. ताप नसेल तर कसोटी डॉक्टरची. अंग चोरणाऱ्याला सूट दिली की उद्या रांग दुप्पट होते, आणि खऱ्या आजाऱ्याला हाकलून दिलं की तो पुन्हा येत नाही, थेट कोसळतो. दुसरी चूक मला कितीतरी मोठी वाटते.

त्यानंतर पाण्याची पाळी. इथे जरा थांबायला हवं.

जंगलात पाणी ओढ्याचं किंवा विहिरीचं. त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, पण किती? कमी पडली तर हगवण, जास्त झाली तर वासाने जवान ते पाणी ओतून टाकतात आणि गुपचूप ओढ्यावर ओंजळ भरतात. पहिल्या महायुद्धात विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने यावर उपाय काढला. एका पेटीत सहा पांढरे कप, एक काळा कप, मापाचे चमचे आणि एक ड्रॉपर. काळ्या कपात सपाट चमचाभर पावडर थोड्या पाण्यात कालवायची आणि कप खुणेपर्यंत भरायचा. पांढऱ्या कपांत जे पाणी शुद्ध करायचं तेच घ्यायचं. मग काळ्या कपातल्या द्रावणाचा पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं करत सहाव्यात सहा. ढवळून अर्धा तास ठेवायचं. शेवटी प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे थेंब.

घाण पाणी आधी क्लोरीन खाऊन टाकतं. त्याची भूक भागल्यावर जो क्लोरीन उरतो, तोच आयोडीन मोकळं करतो आणि स्टार्च निळा होतो. पहिले दोन कप कोरे राहिले आणि तिसरा निळा झाला, तर शंभरेक गॅलनच्या, म्हणजे साधारण साडेचारशे लिटरच्या गाडीला तीन चमचे पावडर. यातली खरी हुशारी वेगळीच आहे. डबा उघडा राहिला की उन्हात पावडरीचा जोर उतरतो. पण चाचणी त्याच डब्यातल्या पावडरीने होत असल्याने तो उणेपणा आपोआप हिशेबात येतो. कोष्टक नको, प्रयोगशाळा नको. पाऊस पडून ओढा गढूळ झाला, की चाचणी पुन्हा करायची, एवढंच.

पाणी झालं की संडासाचे चर बघायचे. त्यांवर झाकण आहे का, स्वयंपाकघरापासून पुरेसे लांब आहेत का, माश्या कुठे बसतात. मार्चवरून परतलेल्यांचे बूट काढून पाय तपासायचे: फोड, आणि सततच्या ओलीने बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या. तळ्या-डबक्यांवर आठवड्यातून एकदा तेल फवारायचं, कारण अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

दिवस मावळला की बाह्या खाली, आणि हिवतापाविरुद्ध मेपाक्रिनची पिवळी गोळी. 1942 मध्ये जावा जपान्यांच्या हाती गेलं आणि जगातल्या क्विनाइनचा मुख्य झराच आटला, म्हणून ही गोळी. तिने कातडी पिवळसर होते, तोंड कडू पडतं, आणि पुरुषत्व जातं अशी अफवा तर पलटणीपलटणीत होती. म्हणून रांग लावून, गोळी तोंडात, वर पाण्याचा घोट, मग तोंड उघडून दाखवायचं. डॉक्टर समजावू शकतो. हुकूम मात्र कमांडिंग ऑफिसरचाच लागतो. स्लिम यांनी आघाडीवर अचानक तपासण्या लावल्या, आणि 95 टक्क्यांहून कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली की थेट पलटणीच्या प्रमुखाला काढलं. तिघांना काढावं लागलं; बाकीचे समजून चुकले.

छिंदवाड्याच्या त्या डॉक्टरांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पण हॉरॉक्सचे सहा पांढरे कप आजही मेडिकल कॉलेजांत विद्यार्थ्यांना शिकवले जातात, आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या विहिरींत पडणारी टीसीएल म्हणजे तीच ब्लीचिंग पावडर. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन एवढं जरूर विचारा: टीसीएल टाकता ती मोजून टाकता की अंदाजाने, आणि डब्याचं झाकण नीट लागलेलं असतं का?