छोट्या विमानांच्या सुरक्षिततेत रबरी सीलचे महत्त्व

विमानाच्या सुरक्षिततेचा विचार करताना इंजिन, पंख आणि चाके यांकडे प्रथम लक्ष जाते. दार आणि खिडक्यांच्या कडेने बसविलेली रबराची पट्टी, म्हणजेच सील, मात्र सहसा दुर्लक्षित राहते. दोन किंवा चार आसनी विमानात ही पट्टी पाऊस, वारा आणि इंजिनाचा धूर यांना आत येण्यापासून रोखत असते.

बेंगळुरू हे अशा छोट्या विमानांचे जुने केंद्र आहे. जक्कूर धावपट्टीवर अनेक वर्षे वैमानिकांना प्रशिक्षण देण्यात आले. राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या दोन आसनी ‘हंसा’ या प्रशिक्षण विमानाने १९९३ मध्ये पहिले उड्डाण केले, तर त्याच्या नव्या आवृत्तीने २०२१ मध्ये. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात ऊन प्रखर असते आणि नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबरमध्येही सरी कोसळतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानाच्या रबरावर या दोन्हींचा परिणाम होतो.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, ओझोन आणि उष्णता यांमुळे रबर कडक होते आणि त्याला तडे जातात. सतत दाबाखाली राहिल्याने ते चपटे होते व पूर्ववत फुगत नाही. मग फटीतून पाणी झिरपते. हे पाणी जमिनीखालील पोकळीत साचल्यास धातूचे भाग गंजतात आणि विजेच्या तारांनाही धोका पोहोचतो.

याहून गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहू शकतो. त्यामुळे इंजिनातून बाहेर पडलेला धूर फटींतून आत ओढला जाण्याची शक्यता असते. या वायूला रंग किंवा गंध नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, गुंगी येणे, निर्णयक्षमता मंदावणे ही त्याची लक्षणे वैमानिकाला थकव्यासारखी भासू शकतात. म्हणूनच सील बदलण्याबरोबर धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांची तपासणी आणि केबिनमध्ये वायुसूचक यंत्र असणे महत्त्वाचे ठरते.

सील बदलताना जुनी पट्टी काढून तिचा चिकटा प्लास्टिकच्या पात्याने खरवडावा लागतो. धातूच्या पात्याने ॲल्युमिनियमवरील संरक्षक थराला ओरखडे पडतात. खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या असल्याने ॲसिटोनसारखे द्रावक टाळणे आवश्यक असते, अन्यथा त्यांवर सूक्ष्म तडे उमटतात. नवी पट्टी उत्पादकाने ठरवून दिलेल्या आकाराचीच असावी. जाड पट्टीमुळे दार पूर्ण बंद होत नाही आणि कडीवर ताण येतो, तर पातळ पट्टीने फट तशीच राहते. पट्टी न ताणता बसवावी लागते, कारण ताणलेले रबर कालांतराने आकसते आणि जोडाजवळ उघडे पडते.

चिकटा वाळल्यानंतर दारात कागदाची पट्टी ठेवून दार बंद केले जाते. कागद सहज निघाला, तर त्या ठिकाणी सील सैल असल्याचे समजते. त्यानंतर बाहेरून पाण्याचा हलका फवारा मारून गळती तपासता येते.

काम लहान असले, तरी ते विमानाच्या देखभाल पुस्तिकेनुसार व्हावे लागते आणि त्याची नोंदही ठेवावी लागते. पट्टीची किंमत विमानाच्या तुलनेत नगण्य असते. ती वेळेवर न बदलल्यास मात्र विमानाचा सांगाडा आणि वैमानिकाचा जीव, दोन्ही धोक्यात येऊ शकतात.