विट्याची भट्टी, लेहची वाट

कराडच्या कोल्हापूर नाक्यावरून गाडी उत्तरेला काढली की ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग थेट दिल्लीत नेऊन सोडतो. पुढे ४४ नंबर धरायचा. पानिपत, अंबाला, जम्मू करत श्रीनगर गाठायचं. तिथून १ नंबरचा रस्ता झोजिला, द्रास, कारगिल ओलांडून लेहला जातो. उन्हाळ्यात एमएच ११, एमएच १० आणि एमएच ५० च्या, म्हणजे सातारा, सांगली आणि कराडच्या, बुलेट याच वाटेला लागतात. कुणी गोवा एक्स्प्रेसच्या पार्सल डब्यात गाडी घालून निजामुद्दीनला उतरवतात. त्यासाठी टाकीतलं पेट्रोल थेंबन् थेंब काढायचं, आरसे सोडवायचे, गाडी गोणपाटात शिवून घ्यायची.

परत आल्यावर जो तो निर्मनुष्य मुलुखाचं वर्णन करतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. लेहच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यांतली माणसं आधीच जाऊन बसलेली आहेत.

लडाखमध्ये पाऊस का नाही, हे आटपाडी किंवा माणच्या माणसाला समजवावं लागत नाही. तिकडे हिमालय ढग अडवतो, इकडे सह्याद्री. शेतीवर भागेना म्हणून खानापूर, आटपाडी, तासगाव आणि माण-खटावची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ बाजारांत पोचली. दुकान म्हणजे बहुधा गल्लीतली एक खोली, मूस, भट्टी आणि तेजाबाचा घसा धरणारा वास. जुन्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते वितळवायचं, पातळ करायचं, तेजाबात उकळायचं. चांदी विरघळते आणि तळाला तपकिरी भुकटी उरते. पाहणाऱ्याला ती माती वाटेल, पण वितळवली की तेच शुद्ध सोनं. श्रीनगरात ही मंडळी लाल चौकाच्या परिसरात गणपतीही बसवतात.

दुसरे गेले ते फौजी. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात, पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी. ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं.

आता उंचीचं. आपल्याला उंच म्हणजे महाबळेश्वर, साडेचार हजार फूट. लेह साडेअकरा हजारांवर आहे. मनालीकडून गेलं तर साडेसहा हजारांवरून निघून पुढचा मुक्काम बरेचदा सरचूला पडतो, तो चौदा हजारांवर. डोकं ठणकतं, उलट्या होतात, झोप लागत नाही, आणि गडी मात्र ‘काही होत नाही’ म्हणत बसतो. श्रीनगरची वाट बेताबेतानं चढते. श्रीनगर पाच हजार दोनशे, कारगिल आठ हजार आठशे, मग लेह. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो.

गाडीलाही धाप लागते. सतरा-अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच सोडतो. मग काळा धूर निघतो आणि पिकअप जातो. बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्या हा हिशेब आपोआप सांभाळतात, तरी दम कमी पडतोच. खारदुंगलाच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड १७,६०० च्या आसपास भरते. उमलिंगला ही खिंड मात्र खरोखर १९,०२४ फुटांवर आहे. फोटोला गर्दी अजून खारदुंगलाच्या पाटीपाशीच.

जायचंच असेल तर जाताना श्रीनगर, येताना मनाली असं ठरवा. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला किल्ली लावू नका. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घेऊन ठेवा. आणि निघण्याआधी विट्याकडच्या एखाद्या गलाईवाल्याच्या घरी चहाला जाऊन या. वाटेतल्या शहरांतले दोन-चार फोन नंबर तिथे नक्की मिळतील.