भेगा पडलेलं रान म्हणजे दुष्काळच का? आपल्या गावाची बातमी सांगतंय कोण?

परतूर : एप्रिल-मे आला की मोबाईलवर एक फोटो हमखास फिरतो. भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला धोतरातला म्हातारा आणि खाली 'दुष्काळी मराठवाडा'. फोटो कोणत्या गावचा, कोणत्या साली काढलेला, याचा काहीच पत्ता नसतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातलं खरं काय ते ठाऊक आहे. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. त्यामुळे पाऊस चांगला झालेल्या सालीही उन्हाळ्यात रानाला भेगा पडतातच. दुष्काळ पाहायचा तर विहिरीचा तळ, टँकरच्या खेपा, कडब्याचा भाव आणि पैसेवारी पाहावी लागते. त्यासाठी गावात थांबून चार माणसांना विचारावं लागतं.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तेव्हा देशभरात बातमी झाली. बातमी खरीच होती. पण पाऊस पडला तशी ती मागे पडली. जळालेली डीपी, शाळेत कमी असलेले मास्तर, सोयाबीनचा पडलेला भाव या बारमाही अडचणींसाठी कॅमेरा येत नाही. बातमी नाही म्हणून दाद लागत नाही, नुकसान मात्र गावाचंच होतं.

चांगलं कामही असंच झाकून राहतं. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी बहुतेक बायाच करतात, तरी 'शेतकरी' म्हटलं की फोटो पुरुषाचाच लागतो.

आपलं गाऱ्हाणं आपणच मांडायचं, ही गोष्ट नवी नाही. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी सुरू केलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये 'पारी' हे संकेतस्थळ सुरू केलं. खेड्यातल्या माणसांच्या कहाण्या तिथे मराठीतही वाचायला मिळतात. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हा लोकांचा रेडिओ चालतो.

आता मोबाईल घरोघरी आहे. मात्र नुसता व्हिडिओ टाकून भागत नाही. पाठवण्याआधी एवढं पाहा :

- गाव, तारीख आणि नेमकी अडचण सुरुवातीलाच सांगा.
- अर्ज कधी, कुठे दिला ते सांगा. पोहोच असेल तर तिचाही फोटो काढा.
- तलाठी, ग्रामसेवक किंवा संबंधित कार्यालयाचं म्हणणं विचारा. उत्तर मिळालं नाही तर तसं नमूद करा.
- दुःखात असलेल्या घरात विचारल्याशिवाय कॅमेरा सुरू करू नका.
- गाव आणि तारीख नसलेला फोटो आपल्या ग्रुपवर आला, तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला एकदा विचारा, "भाऊ, हे कुठलं अन् कधीचं?"